मासेवाल्या मावशींनी क्यूआर घेतला, मग सोसायटीचं अ‍ॅप का कोणी घेत नाही?

दादरकर:
आमच्या इथल्या मासळी बाजारात टोपलीपाशी क्यूआर लावलेला असतो, मावश्या बिनधास्त पैसे घेतात, पण सोसायटीने मेंटेनन्ससाठी अ‍ॅप आणलं तर चांगले शिकलेले लोकपण चेकच देतायत. असं का होतं? खरंच समजून घ्यायचंय.

पार्ले_पूर्व:
यूपीआय 2016 ला आलं आणि नोटाबंदीपण त्याच वर्षी, सुट्ट्यांची बोंब होतीच, म्हणजे गरज आधीपासून होती. नंतर तो पैसे आले की मोठ्याने सांगणारा डबा आला, हात ओले असले तरी फोन बघायला नको, माझ्या मते खरी कमाल त्या डब्याची आहे. तुमच्या अ‍ॅपने कोणाची कुठली अडचण सुटते?

मुलुंडवाला:
अमेरिकेत आयोवातल्या संकरित मक्यावर रायन आणि ग्रॉस यांचा 1943 चा अभ्यास आहे, बियाण्याची माहिती बऱ्याच शेतकऱ्यांना सेल्समनकडून मिळाली पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्यांचं बघून, आणि तेही आधी थोड्याच जमिनीत. नोटीस लावून कोणी बदलत नाही हो.

दादरकर:
पटलं. मग आधी दोन-तीन घरांनाच वापरायला देतो, आणि तोवर चेकपण चालू ठेवतो.