गावची घरपट्टी रेडी रेकनरवर : हायकोर्टात जायचं का?

लालबागकर :
आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, राहतो लालबागला. यंदा गणपतीला गेलो तर घरपट्टी डायरेक्ट दुप्पट. घर तेच, आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती वर कौलं, एक खोली वाढवलेली नाही. ग्रामसेवक म्हणतात रेडी रेकनर, म्हणजे जमिनीच्या बाजारभावाचा सरकारी दरतक्ता, वाढला. का वाढला तर खाली हायवेला बंगल्यांचे प्लॉट पडले आणि त्यांची खरेदीखतं चढ्या भावाने झाली, आमच्या वाडीत पावसात रिक्षा पण चढत नाही पण दर तोच. डिसेंबर २०१५ पासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे जमिनीचा दर अधिक बांधकामाचा दर, बांधकामातून घसारा म्हणजे जुनेपणाची घट वजा, मग घर राहायला की धंद्याला त्याप्रमाणे वापराचा भारांक. पण जी जागा आम्ही कधीच विकणार नाही तिच्या बाजारभावावर दरवर्षी पैसे का भरायचे? वाडीतले मुंबईकर मिळून याचिका टाकायचं चाललंय. मुंबईत मालक लोक महापालिकेविरुद्ध जिंकलेच की.

माजी सदस्य :
मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत काढलीत म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नळपाणी योजनेच्या पंपाचं लाईट बिल, दिवाबत्ती, शिपायाचा पगार, हे सगळं घरपट्टी-पाणीपट्टीतूनच भागवायचं असतं. तुमचं घर अकरा महिने बंद, पण दारासमोरचा दिवा रोज लागतो ना? आणि आधीची चौरस फुटाची पद्धत तरी कुठे बरी होती, बांधकाम सारखं असलं की हायवेवरचा बंगला आणि डोंगरावरचं घर एकाच दराने. आत्ता निदान बंगलेवाल्याला जास्त बसते.

फोर्टची वकील :
लालबागकर, तो निकाल नीट वाचा. हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या भांडवली मूल्य नियमांतले नियम २०, २१, २२ रद्द केले आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं, बरोबर. पण भांडवली मूल्याची पद्धत रद्द झालेली नाही. मोकळ्या जागेवर उद्या किती एफएसआय, म्हणजे किती बांधकामाची परवानगी, मिळेल ते धरून आज कर लावू नका, जागा आज जशी आहे तशी धरा, एवढाच मुद्दा. तुमच्या घराला तो सरळ लागू होत नाही.

लालबागकर :
पण मॅडम मी तेच तर म्हणतोय, आज जसं आहे तसं बघा! माझं घर आज वाडीत आहे, हायवेला नाही. आणि काका, दिव्याचे पैसे मी नाही म्हणतच नाही, आजपर्यंत एक रुपया थकवलेला नाही. पण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ, आणि आमच्या आईच्या मातीच्या घराला दुप्पट, हे पटतं का तुम्हाला?

आंबेवाला :
माझी कलमांची बाग आहे, तिच्यावर पण बसणार का ही पट्टी?

फोर्टची वकील :
नाही. शेतसारा भरता त्या जमिनीवर ग्रामपंचायत कर लावत नाही, त्यातल्या घरावर मात्र लावते. आणि लालबागकर, आधी नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उतारा काढा. बऱ्याच वेळा मातीचं घर पक्कं म्हणून नोंदलेलं असतं किंवा घसारा कमी धरलेला असतो. मग पंचायत समितीकडे अपील. ते न करता थेट गेलात तर कोर्ट पहिलं तेच विचारेल. शिवाय रत्नागिरीची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे गेलीत, म्हणजे मुंबईत बसून होणार नाही, कोल्हापूरच्या खेपा आल्या.

लालबागकर :
उतारा काढतो. पण नोंद बरोबर निघाली तरी दराचा प्रश्न राहतोच ना. काका, ग्रामपंचायत ठराव करून वाडीचा दर वेगळा करू शकते का?

माजी सदस्य :
ठरावाने दर बदलत नाही, तो नोंदणी व मुद्रांक विभाग ठरवतो. पण वाडीसाठी वेगळा मूल्यविभाग, म्हणजे दरतक्त्यात स्वतंत्र दराचा भाग, मागायला काहीच हरकत नाही, हायवेचा वेगळा, डोंगराचा वेगळा. पद्धत रद्द करा म्हणालात तर मी विरोधातच उभा राहीन. वेगळ्या विभागाचा अर्ज करत असाल तर मसुदा पाठवा, पहिली सही माझी आणि आमच्या वाडीतल्या पण आणून देतो.