फ्लोटेशनच्या मूलभूत संशोधनाला सरकारी पैसा द्यावा का?

पवईकर: एका व्याख्यानानंतर ऐकलं, ‘पृष्ठभागाचं रसायन प्रयोगशाळेत शोभतं, कारखाना रसायनांचा डोस कमीजास्त करूनच चालतो.’ मला हे अजिबात पटत नाही. फ्लोटेशनमध्ये दळलेलं खनिज पाण्यात कालवून हवा सोडली की ज्या कणाला पाणी नकोसं तो बुडबुड्याला चिकटून फेसात येतो. सगळा निवाडा कणाच्या अगदी वरच्या, रेणूभर जाडीच्या थरावर. मोरचूद घातलं की स्फॅलराइट या जस्ताच्या खनिजाच्या पृष्ठभागावरच्या जस्ताची जागा तांबं घेतं, मग झँथेट, म्हणजे कणाला पाणी नकोसं करणारं रसायन, त्याला धरतं. हे समजून न घेता शिसं आधी, जस्त नंतर कसं काढणार?

मुलुंडचे काका: हयात तांब्याच्या कारखान्यात गेली. झँथेट १९२५ च्या सुमारास आलं. ते गॅलेना या शिशाच्या खनिजाला नेमकं कसं चिकटतं यावर विद्वान पुढे कित्येक दशकं भांडले. कारखाने थांबले होते का? तुम्ही शुद्ध क्वार्ट्झ आणि डिस्टिल्ड वॉटर घेता. आमच्या टाकीत फिरून आलेलं चुन्याचं पाणी, माती आणि खनिज दळणाऱ्या बॉल मिलच्या गोळ्यांचं लोखंड. तुमचा आलेख तिथे टिकत नाही.

पवईकर: काका, लोखंडाचंच घ्या ना. पोलादी गोळा आणि सल्फाइड, म्हणजे गंधक असलेलं खनिज, ओल्यात एकमेकांना लागले की बॅटरीसारखं होतं, लोखंडाचे हायड्रॉक्साइड कणावर बसतात आणि तो तरंगायला नाखूष होतो. हे विद्युतरसायनाने उलगडलं. जास्त क्रोमियमचे गोळे का वापरायचे, याचं कारण तिथे सापडतं.

घाटकोपर_एमटेक: शुद्ध क्वार्ट्झला नावं ठेवू नका. गॉडिन आणि फ्युअरस्टेनाउ या संशोधकांनी १९५५ मध्ये क्वार्ट्झवर (म्हणजे सिलिकेवर) अमाइन हे झँथेटसारखंच कणाला पाणी नकोसं करणारं रसायन कसं बसतं ते दाखवलं: आधी सुटे आयन, मग ठरावीक सांद्रतेला त्यांच्या लांब कार्बन साखळ्यांच्या शेपट्या एकत्र येतात. क्वार्ट्झचा भार साधारण पीएच २ च्या वर ऋण असतो, म्हणून धन भाराचं अमाइन त्याला ओढलं जातं. लोहखनिजातली सिलिका अमाइननेच फेसात काढतात.

मुलुंडचे काका: ठीक, पैसा द्या. पण अट घाला, प्रत्येक प्रकल्पात खाणीचं खरं खनिज आणि प्लँटचं पाणी हवं.

पवईकर: ही अट मला मान्य नाही. प्लँटच्या पाण्यात कॅल्शियम, सल्फेट, उरलेलं झँथेट सगळं एकदम असतं. रिकव्हरी, म्हणजे हाती येणाऱ्या खनिजाचं प्रमाण, पडली तर दोष कुणाला द्यायचा? आधी एकेक आयन वेगळा तपासू द्या, मग तुमचं पाणी आणा.

मुलुंडचे काका: ‘मग’ म्हणजे कधी? पीएचडी संपते, विद्यार्थी जातो, आणि आमचं पाणी कॅनमध्येच राहतं.