मदत हवी आहे: समुपदेशक बोलूच देत नाहीत, सारखं अंगात काय होतंय ते विचारतात

सांजवेळ_८
शनिवारी पुढचं सेशन आहे, त्याआधी उत्तर हवंय. चार वेळा जाऊन आले. मी सांगायला लागले की दोन मिनिटांत थांबवतात. "हे बोलताना अंगात कुठे काय जाणवतंय?" मी म्हणते, काही नाही. मग "पाय जमिनीला टेकवा, पाठ खुर्चीला लागलीय का बघा." तासाचे १,२०० रुपये यासाठी द्यायचे? बाई मायाळू आहेत, पण मागच्या वेळी घरी आल्यावर तासभर हात कापत होते. चालू ठेवू की सोडू?

तळजाई
कशासाठी जाताय ते लिहिलंच नाहीत. बाईंचं शिक्षण? औषधं चालू आहेत? अंगाला हात लावतात का?

फौंड्री
सोडून द्या. इगतपुरीला दहा दिवस विपश्यना करा, फी नाही. अंगातल्या संवेदना बघायलाच शिकवतात. माझा राग तिथेच निवला.

गवतीचहा
फौंड्री, सांजवेळला झालंय काय ते माहीत नसताना दहा दिवस मौन? रोज दहा तास बसायचं असतं. मोठा धक्का बसलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही.

फौंड्री
मला झेपलं.

कोकणकडा
हात कापतात तर थायरॉईड आणि बी१२ तपासा. माझ्या मेहुणीचं तेच निघालं.

सांजवेळ_८
थायरॉईड नॉर्मल. औषधं नाहीत. बाई एमए क्लिनिकल सायकॉलॉजी. एकदा खांद्यावर हात ठेवू का विचारलं, मी नको म्हटलं, परत विषय काढला नाही. आठ महिन्यांपूर्वी अपघात झाला, पण हाडं जुळली, त्याचं आता काही नाही. झोप लागत नाही म्हणून जाते.

तळजाई
नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. समुपदेशन करता येतं. विचारून घ्या.

नीरा_काठ
गाडी कोण चालवत होतं?

सांजवेळ_८
मी. आई मागे बसली होती. तिच्या मांडीत रॉड आहे.

नीरा_काठ
मी याच क्षेत्रात आहे. अपघाताची गोष्ट घडाघडा सांगितली की शरीर पुन्हा त्याच रस्त्यावर जातं: श्वास अडकतो, हात गार पडतात. म्हणून मध्येच थांबवून पाय, खुर्ची, खोली याकडे आणायचं. पीटर लिव्हाइन या अमेरिकी मानसतज्ज्ञांच्या, अंगातल्या संवेदनांवर काम करणाऱ्या पद्धतीत याला टायट्रेशन म्हणतात, प्रयोगशाळेतल्यासारखं थेंबथेंब. पण घरी गेल्यावर तासभर हात कापत असतील तर थेंब मोठा पडतोय. हे बाईंना सांगाच, आणि शेवटची दहा मिनिटं निवायला ठेवा म्हणावं. तुमचं 'नको' त्यांनी लगेच मानलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

गवतीचहा
पुरावा जास्त आहे तो ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली वापरून करायचा उपचार) आणि ट्रॉमावरच्या सीबीटीचा (विचार आणि वागणं बदलायचा उपचार). जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्यांचीच शिफारस केली होती.

नीरा_काठ
मान्य. काही महिन्यांत फरक नाही पडला तर तिकडे वळावं. पण विश्वास बसलेलं माणूस चार सेशनमध्ये सोडू नये.

कोकणकडा
ट्रॉमाला 'आघात' हा चांगला शब्द असताना इंग्रजी का? आणि हे मेडिक्लेममध्ये बसतं का?

तळजाई
२०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला विमा द्यावाच लागतो, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात. सांजवेळ, रात्री फार झालं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.

सांजवेळ_८
एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या सेशनला बाई म्हणाल्या, "उजवा पाय सारखा दाबताय, कळतंय का?" मला वाटलं माझी बसायची पद्धत, आणि रागच आला. नीराताईंचा प्रश्न वाचताना पाय परत दाबलेला होता. ब्रेक आहे तो.
शनिवारी जाते. लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. गाडी दारात आहे, आठ महिन्यांत किल्ली उचललेली नाही.

नीरा_काठ
किल्लीचंही सांगा त्यांना.