जुन्या कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर: भंगारात काढायची एवढी घाई कशाला?

तबकडी
‘दुपारचा चहा’ यांनी परवा लिहिलं: “दहा वर्षांपेक्षा जुन्या मशीनवर जेलीफिन-प्लेक्स चालवणं म्हणजे वेळ आणि वीज, दोन्हीची नासाडी. नवा मिनी पीसी घ्या, नाहीतर ओटीटी पुरे.” वाचून डोकं फिरलं. (जेलीफिन, प्लेक्स म्हणजे मीडिया सर्व्हर: आपल्याकडचे सिनेमे-गाणी घरातल्या टीव्ही-फोनवर पोचवणारे प्रोग्रॅम.) तिथे दोन ओळींत भागणारं नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीच्या खालचा इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून घरोघरी चांगली चालती मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर चढताहेत, आणि त्यात असे सल्ले!

जुनं मशीन लायब्ररीने दमत नाही, ट्रान्सकोडिंगने, म्हणजे व्हिडिओ चालू असतानाच दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलण्याने, दमतं. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचा आयथ्री लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, त्यावर डेबियन लिनक्स, लायब्ररीचा डेटाबेस एसएसडीवर आणि बाकी सगळा माल यूएसबीच्या डिस्कवर. एच.२६४ या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटची फाइल टीव्हीवर डायरेक्ट प्ले होते, म्हणजे न बदलता जशीच्या तशी चालते, तेव्हा प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. डिस्कवरून उचलायचं आणि नेटवर्कवर द्यायचं, बस्स. तेच एचईव्हीसी १०-बिट हा नवा फॉरमॅट आला आणि टीव्हीला झेपलं नाही, की चारही थ्रेड शंभर टक्क्यांवर, पंखा कोकलतोय आणि चित्र गोठतंय. इंटेलने १०-बिट एचईव्हीसीचं हार्डवेअर डिकोडिंग सातव्या पिढीपासून दिलं. त्याआधीच्या मशीनकडून ते मागायचंच कशाला? फाइलच एच.२६४मध्ये ठेवा.

दुसरा छुपा चोर म्हणजे सबटायटल. ब्लू-रेच्या पीजीएस सबटायटल म्हणजे चित्रं. समोरच्या टीव्हीला ती दाखवता आली नाहीत की सर्व्हर ती व्हिडिओवर छापून पाठवतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड. एसआरटी, म्हणजे साध्या मजकुराच्या सबटायटल, वापरा, ताप गेला. ट्रिकप्ले (व्हिडिओ पुढे-मागे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं) आणि चॅप्टरची चित्रं बंद करा. आता सांगा, यात नासाडी कुठे आहे?

दुपारचा चहा
मोठा लेख लिहिलात, पण विजेवर एक अक्षर नाही. जुना डेस्कटॉप नुसता चालू ठेवला तरी ७० वॉट धरा. चोवीस तास म्हणजे महिन्याला ५० युनिट. आमचं महावितरणचं बिल नव्वद युनिटच्या आसपास येतं. त्यात हे ५० टाकले की शंभरच्या वरचे सगळे युनिट वरच्या स्लॅबच्या दराने. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी नुसता चालू असताना दहा वॉटच्या आसपास खातो, आणि वर १०-बिट एचईव्हीसीसुद्धा खेळवतो. फुकट मिळालेलं मशीन फुकट पडत नाही.

तबकडी
मी लॅपटॉप म्हटलं, तुम्ही डेस्कटॉपचा हिशोब मांडलात. स्क्रीन बंद असलेला लॅपटॉप त्याच्या पाव हिश्श्यात भागतो. आणि चोवीस तास चालू ठेवा असं कोणी सांगितलं? संध्याकाळी बघायचं असेल तेव्हा वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून इशारा देऊन, उठवायचा, झोपताना बंद. ओटीटीचं तर काढूच नका. यादीत ठेवलेला मराठी सिनेमा पुढच्या महिन्यात तिथे असेल याची कोणी हमी देतं का?

कृष्णाकाठ
लॅपटॉपच्या बाजूने माझं एक मत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉप असा धाडकन बंद पडला आणि त्याच वेळी लायब्ररीचा स्कॅन चालू असला, तर डेटाबेस बिघडू शकतो. लॅपटॉपची बॅटरी हाच यूपीएस.

वऱ्हाडी ठेचा
भाऊ, तोच यूपीएस माझ्याकडे फुगला. वर्षभर चार्जरला लावून कपाटात ठेवला होता. एक दिवस पाहतो तर टचपॅड वर उचललेला, झाकण नीट लागेना. नागपूरचा मे महिना आणि बंद कपाट! बायोसमध्ये चार्जची मर्यादा असेल तर साठ-ऐंशी टक्क्यांवर ठेवा, नसेल तर बॅटरी काढून टाका. घरात लेकरं आहेत, हा विषय हलक्यात घेऊ नका.

पाटी-पेन्सिल
सगळे व्हिडिओवरच तुटून पडलेत. आम्ही गाणी ऐकणारी माणसं. एमपीथ्री, फ्लॅकला कुठलं आलंय ट्रान्सकोडिंग? नॅव्हिड्रोम, म्हणजे फक्त गाण्यांचा सर्व्हर, जुन्या मशीनवर पिसासारखं चालतं. खरं दुखणं टॅगचं, म्हणजे फायलीत लिहिलेल्या गाणं-गायकाच्या नावांचं, आहे, आणि ते कितीही महाग मशीन घेतलं तरी जात नाही.

वडिलांच्या कॅसेट मी लाइन-इनमधून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये उतरवल्या. त्यातलं नाट्यसंगीत कुठल्या कप्प्यात टाकू? ‘मानापमान’ घ्या. १९११चं नाटक, पदं खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, रंगमंचावर गायले बालगंधर्व, आणि तीच पदं पुढे कितीतरी जणांनी गायली. ‘आर्टिस्ट’ कोण? ‘अल्बम आर्टिस्ट’ कोण? गायक टाकला तर एकच नाटक दहा तुकड्यांत विखुरतं. नाटककार टाकला तर गायक हरवतो. हे कप्पे एका बँडने एक अल्बम काढायच्या हिशोबाने बनवलेत, आपलं संगीत त्यात बसतच नाही.

दुपारचा चहा
धागा जुन्या कॉम्प्युटरचा आहे ना?

पाटी-पेन्सिल
जुन्या कॉम्प्युटरवर लोक ऐकतात काय, तेही बोलायचं नाही का?

तबकडी
बोला बोला. आताच्या नॅव्हिड्रोममध्ये संगीतकार, गीतकार असे रोल वेगळे वाचले जातात. अल्बमच्या जागी नाटकाचं नाव, आर्टिस्टमध्ये गायक, कंपोझरमध्ये टेंबे, लिरिसिस्टमध्ये खाडिलकर. अल्बम आर्टिस्ट सगळ्या फायलींना एकच ठेवा, म्हणजे नाटक फुटत नाही.

खडीसाखर
आणि कृपा करून टॅग रोमनमध्ये लिहा. माझ्या गाडीच्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

पाटी-पेन्सिल
चौकोन दिसतात म्हणून आपल्या गाण्यांची नावं आपल्या लिपीत लिहायची नाहीत? रोमनमध्ये एकाच गायकाची पाच स्पेलिंग होतात आणि लायब्ररीत पाच माणसं उभी राहतात. भीमसेन जोशींचंच बघा, कुठे एक ‘आय’, कुठे डबल ‘ई’. देवनागरीत तो घोळच नाही.

खडीसाखर
भावनेचं भांडवल करू नका. माझे काही हजार एमपीथ्री जुन्या प्रोग्रॅमने टॅग केलेले आहेत. आयडीथ्री, म्हणजे एमपीथ्रीत टॅग लिहायची पद्धत, तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळी. म्हणजे दहा खुणांत गाण्याचं नाव संपलं. हा हिशोब करा, मग लिपीच्या अभिमानाचं बोला.

पाटी-पेन्सिल
कुठल्या काळात आहात? दुसऱ्या आवृत्तीपासून ती मर्यादा नाही. २.३मध्ये यूटीएफ-१६ चालतं, २.४मध्ये यूटीएफ-८. पिकार्ड हा टॅग लिहायचा प्रोग्रॅम उघडा, सगळ्या फायली निवडा, सेव्ह करा. तुमच्या स्टिरिओसाठी अख्ख्या मराठीने नमतं घ्यायचं का?

वऱ्हाडी ठेचा
दोघंही थोडं थंड घ्या. दिसायच्या नावात देवनागरी, सॉर्टच्या (क्रम लावायच्या) टॅगमध्ये रोमन. नॅव्हिड्रोमच्या शोधात दोन्ही सापडतात. माझी आई देवनागरीत शोधते, मुलगा रोमनमध्ये, आणि लायब्ररी एकच.

खडीसाखर
हे पटलं. स्टिरिओच्या पेनड्राइव्हला मी रोमनची वेगळी कॉपी करीन. पण मूळ मुद्दा मी सोडलेला नाही, जुन्या यंत्रांचा विचार करायलाच हवा.

दुपारचा चहा
संगीतापुरतं जुनं मशीन चालेल, एवढं देतो. व्हिडिओसाठी मत बदललेलं नाही. घरात तीन टीव्ही, तिघांना वेगवेगळं हवं, आणि पाहुण्याच्या फोनवर भलताच फॉरमॅट. तिथे तुमचा आयथ्री गुडघे टेकणार.

तबकडी
तीन टीव्हींना तीन डायरेक्ट प्ले म्हणजे तीन फायली वाचणं, जुनी डिस्कसुद्धा ते करते. पाहुण्याच्या फोनसाठी मात्र ट्रान्सकोडिंग लागेल, आणि एकाच वेळी अनेकांना ते माझ्या मशीनकडून होणार नाही, हे खरं. पण त्या एका पाहुण्यासाठी सगळ्यांनी नवं मशीन घ्यावं हा सल्ला मला कधीच पटणार नाही. कोडी या मीडिया प्लेअरचा पूर्वज पहिल्या एक्सबॉक्सवर चालायचा, ७३३ मेगाहर्ट्झ आणि ६४ एमबी रॅम. त्या मानाने आपली जुनी मशीनं राजा आहेत.

कृष्णाकाठ
माझ्याकडे माळ्यावर एक ३२-बिटचा पेंटियमही आहे. त्याचं काही होईल का?

तबकडी
डेबियन १३ने ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद केला, त्यामुळे १२ टाका. सपोर्ट संपत आला की इंटरनेटपासून तोडून घरच्या नेटवर्कवरच ठेवा. जेलीफिनच्या वाटेला जाऊ नका, एमपीडी हा गाण्यांचा हलका प्लेअर टाका आणि स्पीकर थेट त्यालाच जोडा. रॅम किती आहे ते कळवा, आणि पॉवर सप्लायमधली धूळ झटकल्याशिवाय चालू करू नका.