मदत हवी आहे: समांतरभुज चौकोनाला सममिती अक्ष का नाही?

मुलीला सममिती शिकवताना मीच अडकले आहे. चौरसाचे ४ अक्ष (म्हणजे ज्या रेषेवर दुमडलं की दोन्ही भाग तंतोतंत जुळतात त्या रेषा), समभुज त्रिकोणाचे ३, वर्तुळाचे अनंत, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. आयताशी घोडं अडलं. "कर्णावर कापलं की दोन सारखे तुकडे होतात, मग तो अक्ष का नाही?" कागद कर्णावर दुमडून दाखवला, तर दोन कोपरे बाहेर आले. कर्णावर आरसा उभा धरला, तर आयताऐवजी चक्क पतंग दिसला! तेव्हा कुठे तिला पटलं.

पण समांतरभुज चौकोनाचं काय करू? त्याला एकही अक्ष नाही म्हटलं, तर तिने कागदी चौकोन टाचणीवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा जागच्या जागी बसवून दाखवला. "बघ, जुळला की!" खरं तर तिचं चूक नाही, ती परिवलन सममिती आहे. फक्त दुमडून जुळणं आणि फिरवून जुळणं यातला फरक तिला सांगून समजत नाही, हाताने काहीतरी करायलाच हवं. ट्रेसिंग पेपर उलटा करून ठेवायला सांगावं का? की इंग्रजी एस अक्षरासारखी सोपी उदाहरणं आधी घ्यावीत? कुणी शिकवलं असेल तर क्रम सुचवा ना.