स्पेसचे टॅब करणे : ‘बदलणे’ की ‘आवरणे’?

— कमांड लाइनवरून, म्हणजे कमांड टाइप करून, मजकुराच्या फाइलीतल्या स्पेस काढून टॅब कसे घालायचे, याची मराठीत टीप लिहितोय. ‘स्पेस’ला मोकळी जागा आणि ‘टॅब’ला मोठी मोकळी जागा लिहिलं, पण वाचताना मलाच हसू येतंय. शब्द सुचवा.

— स्पेस, टॅब रुळलेत, राहू द्या. ‘मोठी जागा’ मात्र नकोच, अर्थच चुकतो. टॅबला ठरलेली रुंदी नसते. तो पुढच्या थांब्यापर्यंत नेऊन सोडतो. वेगळं सांगितलं नाही तर थांबे दर ८ घरांवर (घर म्हणजे एका अक्षराची जागा). म्हणून ६ अक्षरांनंतरचा टॅब २ घरांचा दिसतो, ७ नंतरचा एकाच घराचा आणि ८ नंतरचा पुन्हा पूर्ण ८ घरांचा. ‘टॅब स्टॉप’ला ‘थांबा’ चपखल बसेल. टाइपरायटरवर रकाने पाडायला हीच सोय होती. गंमत म्हणजे मूळ लॅटिन ‘ताबुला’चा अर्थ फळी, आणि फारसीतून आलेला आपला ‘तक्ता’ही मुळात फळीच!

— मग ‘बदलणे’ही खटकतं. सेडने (मजकुरात शोधून बदल करणाऱ्या कमांडने) दर ४ स्पेसना एक टॅब असं सरसकट बदललं, तर ओळीच्या सुरुवातीला खपून जातं, मधले रकाने मात्र हलतात. स्पेसचे टॅब करणारी अनएक्सपांड ही कमांड थांबे मोजून काम करते. तिच्या उलट, टॅबचे स्पेस करणारी ती एक्सपांड. एक्सपांड म्हणजे पसरणे, तर अनएक्सपांडला मी ‘आवरणे’ म्हणेन.

— ‘आवरणे’ झकास. पण किती आवरायचं तेही लिहा. नुसतं अनएक्सपांड ओळीच्या सुरुवातीच्याच स्पेसना हात लावतं. ‘टी’ पर्यायाने थांबा ४ वर आणलात की ते मधल्या स्पेसही आवरायला घेतं. लिनक्सवर सहसा असणाऱ्या ग्नूच्या आवृत्तीत ‘फर्स्ट-ओन्ली’ हा पर्याय जोडलात की मधल्या स्पेस आवरणं थांबतं.

— वर ‘६ अक्षरांनंतर’ लिहिलंय, ते देवनागरीत फसेल. अनएक्सपांडच्या जुन्या आवृत्त्या अक्षरं नाही, बाइट (साठवणीची एककं) मोजतात. ‘नाव’ आपल्या लेखी दोन अक्षरं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत न, काना आणि व मिळून ९ बाइट. मराठी मजकुरात सुरुवातीच्याच स्पेस आवराव्यात.

— करून बघितलं. कमांडचं उत्तर मूळ फाइलीतच पाठवलं आणि फाइल कोरी! सगळंच आवरलं गेलं.

— कमांड सुरू होण्याआधीच शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करतं. टिपेत ‘पाठवा’ऐवजी ‘दुसऱ्या फाइलीत वळवा’ लिहा, आणि त्या फाइलीला मूळ फाइलीचं नाव द्यायचं ते नंतर.