शब्दचर्चा : गाठ, फोड, द्रवार्बुद... की फुगे?

प्रश्न : मी कोल्हापूरची. धाकट्या जावेला सहावा महिना आहे. तपासणीच्या कागदावर ‘व्हजायनायटिस एम्फायसेमॅटोझा’ असं आलंय. नेटवर एम्फायसेमा शोधला तर फुप्फुसाचा आजार निघाला! घरी मी ‘आत गाठी आहेत’ एवढंच सांगितलं, तर सासूबाईंनी लगेच डोळ्याला पदर लावला. मराठीत याला म्हणायचं तरी काय?

– फुप्फुसाशी संबंध नाही. ‘एम्फायसेमा’चा ग्रीकमधला मूळ अर्थ ‘फुंकून फुगवणं’. ‘आयटिस’ म्हणजे दाह. योनिमार्गाच्या अस्तराखाली, कधी गर्भाशयाच्या मुखावरही, वायूनं भरलेल्या बारीक पुटकुळ्या येतात. क्वचितच दिसतं, पण गरोदरपणात जास्त. बऱ्याचदा ट्रायकोमोनाससारख्या जंतूंची लागण सोबत असते, तिच्यावर औषध देतात. पुटकुळ्या आपल्या आपण जातात, सहसा बाळंतपणानंतर. हे नाव १८७७ साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ झ्वाइफेल यांनी दिलं.

– सिस्टला, म्हणजे आत काही साठलेल्या पिशवीला, परिभाषेत ‘द्रवार्बुद’ म्हणतात. इथं तो शब्द दोन्हीकडून फसतो. आत द्रव नाही, वायू आहे. आणि हे अर्बुदही नाही, म्हणजे पेशींची वाढ होऊन झालेला गोळा नाही. ‘वायुपुटी’ चालेल, पण कागदावरच. घरात कोण म्हणणार?

– ‘गाठ’ तर अजिबात नको. आपल्याकडं गाठ म्हटलं की माणूस थेट कॅन्सरवर जातो. बार्थोलिन ग्रंथी तुंबून योनीच्या तोंडाशी एका बाजूला सूज येते, तिला गाठ म्हणा, हाताला लागते तशी. बेंड आणि गळू म्हटलं की पू आला, फोड म्हटलं की पाणी. आवाळू बाहेर दिसतं. हवेसाठी आपल्याकडं शब्दच कमी! (पोटातल्या गॅसला मात्र दहा.)

– डॉक्टर नाही, पण एक सांगते : ताप किंवा जोराची कळ असेल तर शब्द शोधत बसू नका, दवाखाना गाठा. ऊतींमध्ये वायू दिसणं हे गंभीर संसर्गातही असतं, ते आधी तपासून घ्यावं लागतं.

– प्रश्नकर्ती : ताप, कळ काही नाही, डॉक्टरांनीही काळजीचं नाही म्हणून सांगितलंय. काल सासूबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरच्या भाकरीला बारके फुगे आले, तेच दाखवून म्हटलं, “आत्ती, हे असलं. नुसती हवा.” त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “मग बसतील की गं आपोआप.”